बिल्ला कुणाच्या छातीवर?

स्कॉटलंडमधील मसलबर्ग गावाच्या नावाचा एक चांदीचा बाण आहे. १६०३ पासूनच्या विजेत्यांची नोंद त्याच्याशी जोडलेली आहे. स्पर्धा जिंकणारा आपला चांदीचा बिल्ला त्या बाणाला अडकवतो. १६७६ साली एडिंबरोत तीरंदाजांची राजमान्य मंडळी स्थापन झाली आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज तेथे आला, तेव्हा तिला राजाच्या अंगरक्षकाचा मान मिळाला. तोवर लढाईत बंदूक येऊन फार काळ लोटला होता. कमान निरुपयोगी झाली, तेव्हाच ती उमरावांच्या हाती शोभू लागली आणि तिच्या नावाने चांदी घडवली जाऊ लागली.

आपल्या परंपरेलाही तीरंदाजीचे अप्रूप आहे. इस्लामच्या इतिहासात पहिला बाण सोडणारे म्हणून हजरत सअद बिन अबी वक्कास यांचे नाव आदराने घेतात. इस्तंबूलच्या ओकमैदानात तीरंदाजांचा तकिया होता. तेथे ठरावीक अंतरापलीकडे बाण टाकणाऱ्या शागिर्दालाच उस्तादाकडून कमानीची मूठ, म्हणजे 'कब्जा', समारंभपूर्वक मिळे. विक्रम करणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाई. तेथे आधी हुन्नर, मग मान, असा क्रम होता.

आता आपल्या जव्हारकडे पाहू. गॅझेटियरमध्ये नोंदवलेल्या आख्यायिकेप्रमाणे हा मुलूख आधी एका वारली नायकाकडे होता. जयबा मुकणे या कोळी सरदाराने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मग कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी सारा मुलूख वेढला. जयबांचा मुलगा नेमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. तो दिवस ५ जून १३४३. संस्थानच्या कागदपत्रांत पुढे याच दिवसापासून शक मोजला जाई. विक्रमशाह, पतंगशाह अशी नावे या कोळी घराण्यात चालत आली. आदिवासी राजघराण्याच्या नावात 'शाह' हा फारसी शब्द कसा मुरला, हे आपण विसरता कामा नये. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज येथून गेले आणि विक्रमशाहांनी त्यांना शिरपेच अर्पण केला, असे शिरपामाळाच्या नावामागचे कारण सांगतात.

किताब, शक, शिरपेच हे सारे मान दरबारात राहिले. ज्याच्या हाती खरोखर तिरकमठा होता, त्या वारली, कातकरी माणसाला काय मिळाले?

त्याच्या वाट्याला कायदा आला. जव्हार संस्थान होते, पण शेजारचा मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे इंग्रजी अमलातला. १८७८ च्या हत्यार कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत तलवार-भाल्यांबरोबर धनुष्यबाणही घातले. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने 'हत्यार' या शब्दात पुन्हा धनुष्यबाण आणले. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक पारंपरिक हक्क मानले, मात्र शिकारीचा वगळला. जंगल आणि जनावरे वाचलीच पाहिजेत, याबद्दल आमचा वाद नाही. पण शिकार बंद करताना त्या हातातील हुन्नराचे काय करायचे, याचा विचार कायद्याने केला नाही. वारली चित्रांत धनुर्धारी शिकारी अजून उभा आहे, चित्राबाहेर मात्र त्याला जागा उरली नाही.

वाट होती, हे राजस्थानने दाखवले. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने तेथील आदिवासी मुले निवडली. त्यातील लिंबा राम यांनी १९९२ मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्याआधीच, १९९१ मध्ये, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. एकलव्याच्या वंशजाला अर्जुनाच्या नावाचा मान मिळावा, ही गंमत आहे आणि दुःखही.

चपरास म्हणजे बिल्ला, हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. तो लावला की साधा माणूस सरकारचा होतो, नसला की पिढ्यान्‌पिढ्यांचा कसबीही संशयित ठरतो. २०१४ पासून जव्हार-मोखाडा पालघर जिल्ह्यात आहेत. जिल्हा नवा झाला, आता मानाची वाटणीही नवी व्हावी. इतिहास लिहिताना चांदीचे बिल्ले मोजणे सोपे असते, कारण चांदी टिकते. बांबू टिकत नाही. म्हणूनच बांबूच्या कमानीची नोंद आधी करावी, असे आम्हांस वाटते.