आवाज मोठा, पण कुणावर?

आपल्या नेसरीचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा गाण्यानं. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार. कुसुमाग्रजांनी ते शब्दांत धरलं आणि लतादीदींच्या आवाजानं घराघरांत गेलं. गाण्याची ताकद काय असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आज मात्र जरा कर्कश्श वाटणाऱ्या गाण्यांबद्दल लिहितोय. पंक आणि मेटल. नाक मुरडू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबतो.

आधी मेटल. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. पोरगा डावखुरा, त्यामुळं गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. गड्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा वापरल्या, पुढं त्या सैलही केल्या. आवाज जाड, खर्जातला निघाला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड १९७० ला आली. हेवी मेटलची सुरुवात तिथून धरतात. इचलकरंजीत मागावर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळेल.

पंक त्यानंतर पाच-सहा वर्षांनी न्यूयॉर्क आणि लंडनमधून आलं. फार वाजवता येत नसलं तरी चालेल, बँड काढा, दोन मिनिटांत मनातलं ओरडून मोकळे व्हा, असा त्यांचा खाक्या. मेटलवाले रियाजाचे, लांब केसांचे. पंकवाले केस भादरलेले. दोघं एकमेकांना पाण्यात बघायचे.

१९८५ ला न्यूयॉर्कमध्ये हे दोन्ही एकत्र आले. गडहिंग्लजच्या फुटबॉलमध्ये एखाद्या स्पर्धेपुरते दोन-तीन संघांतले तगडे खेळाडू घेऊन एक टीम उतरवावी, तसला प्रकार. संगीतात याला सुपरग्रुप म्हणतात. अँथ्रॅक्स या मेटल बँडचे स्कॉट इयान आणि चार्ली बेनांटे, त्याच बँडमधून आधी बाहेर पडलेला डॅन लिल्कर, आणि गायला पंकवाल्यांतला बिली मिलानो. टीमचं नाव स्टॉर्मट्रूपर्स ऑफ डेथ. तीन दिवसांत अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. वीसहून जास्त गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास. दोन भांडणाऱ्या गटांना त्या रेकॉर्डनं जवळ आणलं, हे संगीताचे जाणकार आजही मान्य करतात.

पण अल्बमचं नाव काय? 'स्पीक इंग्लिश ऑर डाय'. म्हणजे इंग्रजी बोला, नाहीतर मरा.

ती सगळी चेष्टा होती, असं बँडवाले सांगत आले. सगळ्यांचा द्वेष करणारं एक काल्पनिक पात्र आहे, ते बोलतंय, आम्ही नाही. असेलही. पण चेष्टा कुणाची केली? परदेशातून पोट भरायला आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाची. दोन ताकदवान गट एकत्र आले आणि हात उगारला तो सगळ्यात दुबळ्यावर.

आपल्याला हे जास्त बोचायला पाहिजे. बेळगाव आपल्याला कोल्हापूरपेक्षा जवळ. तो अल्बम आल्यावर वर्षभराच्या आतच, जून १९८६ मध्ये, बेळगावात कन्नड सक्तीविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी १ जूनला माणसं जमतात. ही भाषा बोला नाहीतर बघून घेतो, ही धमकी ज्यांनी ऐकली आहे त्यांना त्यात विनोद दिसत नाही. आणि खरं बोलायचं तर हीच धमकी आपल्यातलेही काहीजण दुसऱ्याला देतात. परराज्यातून आलेल्या मजुराला, फेरीवाल्याला.

आता आपल्या मातीतला सुपरग्रुप बघा. १९४४, मुंबई. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक काढलं. एकेकटे स्वतंत्र फड उभा करू शकले असते अशी ही माणसं. डफ, तुणतुणं आणि पहाडी आवाज. विजेची गिटार नव्हती एवढाच फरक. त्यांचा आवाज जायचा सावकारावर, गिरणीमालकावर, सरकारवर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंनी 'माझी मैना' लिहिली. बेळगाव, निपाणी, कारवार मागं राहिल्याचं दुःख त्यात आहे. भाषेचं गाणं आहे, पण कानडी माणसाचा द्वेष त्यात सापडत नाही. विरहाचं गाणं आहे ते.

आणि आता मेटलमध्ये असं कोण करतं? मुंबईचा साहिल मखिजा. २००० पासून डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड चालवला. २०१० ला इंग्लंडच्या मेटल हॅमर मासिकाचा पुरस्कार मिळवला. २०१७ ला त्यांनी 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. मत्स्य, कूर्म, वराह असं करत कल्कीपर्यंत दहा गाणी. आंबोली उतरून दशावतारी नाटकं बघायला जाणाऱ्यांनी एकदा जरूर ऐकावा.

पण मला सांगायचंय ते त्याच्या २०२३ च्या अल्बमबद्दल. डेमनस्टीलर या नावानं त्यानं 'द प्रोपगंडा मशीन' काढला. आठ गाणी आणि त्यासाठी चार ड्रमर. हानेस ग्रॉसमन, केन बेडीन, जेम्स पेन, सेबास्टियन लान्सर. बेस वाजवणारेही चार. सगळे वेगवेगळ्या देशांतल्या नावाजलेल्या बँडमधले. आणि विषय? भीती पसरवण्याची मोहीम, खोटी माहिती, द्वेष, हुकूमशाही. इथं आवाज पडतो तो खोटं पेरणाऱ्यावर.

त्याच वर्षी ७ जूनला आपल्या कोल्हापुरात काय झालं ते विसरला नसाल. मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. शाहू महाराजांच्या गावात. माझा फोन त्या दिवशी मुका झाला होता. त्याआधी त्यावर आलेले मेसेज आठवले की अजून कसंतरी होतं. बातमीदार म्हणून एकेक तपासत बसलो असतो तर महिना पुरला नसता. मुंबईतला माणूस ज्या मशीनबद्दल ओरडत होता, ते आपल्या खिशात चालू होतं.

एक उणीव मात्र सांगतो. हा अल्बम इंग्रजीत आहे, तोही गुरगुरत गायलेला. आपल्या आठवडी बाजारात तो कुणाला कळणार? अण्णाभाऊंचं बिनशिकलेल्या माणसाला कळायचं, म्हणून सरकारला त्याची भीती वाटायची.

आपल्या भागात हलगीवाले आहेत, बँजो पार्ट्या आहेत, भजनी मंडळं आहेत, गिटार घेऊन बसणारी कॉलेजची पोरंही आहेत. ह्या सगळ्यांनी एकदा एकत्र येऊन खोट्या मेसेजवर मराठीत एक खणखणीत गाणं करावं. कुणी पुढं येत असेल तर खाली लिहा. आवाजाची आपल्याकडं कमी नाही, दरवर्षी मिरवणुकीत भिंती हादरतात. तो कुणावर टाकायचा, एवढंच ठरवायचं आहे.