विद्युत्-वाहन आणि देखभालीची विद्या

विद्युत्-वाहन ही आजची नवलाई आहे, अशी मोटारविद्येच्या विद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. इतिहासाची साक्ष निराळी आहे. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या अवघ्या ९३६. पुढे हे वाहन मागे पडले, त्याची बॅटरीचे वजन, तोकडा पल्ला व पेट्रोलचा स्वस्तपणा ही कारणे सर्वपरिचित आहेत. तथापि, देखभालीची विद्या कोणाच्या हाती होती, हा प्रश्नही तितकाच विचारार्ह होय.

न्यूयॉर्क येथे १८९७ साली विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. उतरलेली बॅटरी मध्यवर्ती ठाण्यात काढून घेत व भारित केलेली दुसरी बसवीत. आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहणे, झिजलेल्या शिशाच्या पट्ट्या हाताळणे, हे सर्व ठाण्याचे काम. चालकास त्याची जाण असण्याचे कारणच नव्हते. व्यवस्था सोयीची खरी, पण ज्ञान एकाच जागी साठविणारी. या व्यवसायात अग्रेसर असलेली इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी १९०७ साली बुडाली.

१९१२ साली केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला आणि बॅटरी पेट्रोल-एंजिनाच्या सेवेस लागली. मोटार-मिस्त्रीच्या शिक्षणातही एंजिनाला अग्रस्थान मिळाले. वीज हा दुय्यम विषय ठरला.

शतकाच्या अखेरीस तीच गोष्ट निराळ्या रूपाने घडली. जनरल मोटर्सची ईव्ही-१ ही मोटार १९९६ साली केवळ भाडेपट्ट्याने देण्यात आली. पुढे कंपनीने त्या गाड्या परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. काही संग्रहालयांना व शिक्षणसंस्थांना दिल्या, परंतु चालकयंत्रणा निकामी करून. विद्यार्थ्यांना वाहन पाहावयास मिळाले. त्याचे चलन अभ्यासावयास मिळाले नाही.

आज या उणिवेची किंमत जिवाशी येऊन ठेपते. बारा व्होल्टांच्या तारेस निःशंकपणे हात लावणाऱ्या मिस्त्रीपुढे आता कित्येकशे व्होल्टांचा दाब आहे. मंडल विलग करणे, कंडेन्सरमधील भार ओसरू देणे, दाब शून्य झाल्याची मापकाने खात्री करणे आणि मगच दुरुस्तीस हात घालणे, हा क्रम प्रत्यक्ष वाहनावरच अंगवळणी पडतो. भारतातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी विद्युत्-वाहन मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला आहे. ही विद्या उत्पादकाच्या कोठारातून सामान्य गॅरेजपर्यंत पोचली, तरच त्याचे सार्थक होईल.