सुई घरी आली, सोनार मागेच राहिला

"आपल्याकडे तर कान घरीच टोचायचे की!" भुवईत, बेंबीवर किंवा कानाच्या वरच्या कडेला स्वतःच्या हाताने छिद्र पाडायचं ठरवलेल्या कोणालाही अडवायला जा, हेच वाक्य ऐकू येतं. आजीचे कान टोचले, आईचे टोचले, कोणाला काही झालं नाही. आता तर सगळं आणखी सोपं झालंय. मोबाइलवर किट मागवलं की ते खोपोलीत येतं, नेरळला येतं आणि कशेळ्यालाही येतं. आत पोकळ सुई, चिमटा, स्टीलच्या चार कड्या आणि स्पिरिटचे दोन बोळे. कृती दाखवायला दीड मिनिटाचं रील असतंच.

वाक्य अर्धं खरं आहे. कान घरी टोचले जायचे, पण ते घरचे लोक टोचत नसत. आणि टोचून झालं की काम संपलं, असंही कोणी मानत नसे. हा फरक नीट समजायला थोडं मागे जावं लागेल, आणि सुरुवात आपल्या कर्जत तालुक्यातूनच करता येईल.

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाण्याची लेणी आहेत. पावसाळ्यात धबधब्यासाठी तिथे झुंबड उडते. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न यक्षमूर्तीचं डोकं आहे आणि त्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने आपल्या नावाबरोबर आपण कोणाच्या हाताखाली शिकलो हेही लिहून ठेवलं. ही ओळ लक्षात ठेवू, पुढे लागेल.

इथून बोरघाट चढून वर गेलं की कार्ल्याची लेणी. तिथल्या चैत्यगृहाच्या ओसरीत स्त्री-पुरुषांची मोठी युगुलं कोरलेली आहेत. त्यांच्या कानांत ठसठशीत, जड भूषणं आहेत. नाकं मात्र मोकळी आहेत. नथ ही मराठी बाईची ओळख असली, तरी ती फार जुनी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकात नथीच्या प्राचीनतेवर मोठा शोधनिबंध लिहिला. साधारण इसवी सन १००० च्या आधीच्या साहित्यात किंवा शिल्पात नथ सापडत नाही, असं त्यांनी पुरावे तपासून दाखवलं. त्याच सुमारास इतिहासकार अ. स. आळतेकरही याच निष्कर्षाला आले होते. म्हणजे नाक टोचणं हीसुद्धा कधीकाळी नवी फॅशनच होती. त्यामुळे 'भुवई टोचणं आपल्या संस्कृतीत नाही' हा आक्षेप मला लंगडा वाटतो. प्रश्न संस्कृतीचा नाही. नवी जागा टोचायची तर त्या जागेचे नियम नव्याने शिकावे लागतात, आणि ते शिकायला पूर्वी पिढ्या गेल्या. प्रश्न एवढाच आहे.

कानाचे नियम किती जुने आहेत ते सुश्रुतसंहितेत दिसतं. तिच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आणि फाटलेले कान जोडण्यावर आहे. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की त्याला दाईच्या मांडीवर बसवायचं, खेळण्यात गुंतवायचं. वैद्याने डाव्या हाताने पाळी ताणून ती उन्हासमोर धरायची. जिथून उजेड आरपार दिसतो ती निसर्गानेच ठेवलेली जागा. तिथेच, एका दमात, सरळ टोचायचं. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. मग कापसाची वात घालायची, तेल सोडायचं, दर तीन दिवसांनी वात बदलायची आणि दर वेळी ती थोडी जाड घ्यायची.

टोचण्याची ही कृती मोजक्या ओळींत संपते. अध्यायाचा बराचसा भाग आहे तो काय बिघडू शकतं यावर. रक्त फार आलं किंवा फार दुखलं, तर जागा चुकली असं समजायचं. चुकीची शीर टोचली गेली तर ताप, आग, सूज, गाठी येतात. मान ताठते, झटके येतात. सुई बोथट किंवा वाकडी असेल, वात फार घट्ट बसली असेल, तर कान पिकतो. मग वात काढून टाकायची, लेप लावायचा आणि कान पूर्ण बरा झाल्यावरच पुन्हा टोचायचं. थोडक्यात, चुकलं तर माघार कशी घ्यायची हेही लिहून ठेवलंय. किटसोबतच्या रीलमध्ये नेमका हाच भाग नसतो.

आपल्या गावांत हे काम सोनाराकडे आलं. बारशाच्या सुमारास सोनार घरी यायचा. सोन्याची बारीक तार, तिचंच एक टोक अणकुचीदार केलेलं. टोचलं की तीच तार वळवून बाळी व्हायची, म्हणजे सुई काढून दुसरी वस्तू घालण्याचा खटाटोप नाही. शिवाय चांगल्या कसाचं सोनं सहसा त्वचेला त्रास देत नाही. मग खोबरेल आणि हळद. मोठ्या मुलींच्या छिद्रात पुढे कडुलिंबाची काडी. रोज कान बघणारी आजी घरात असायची आणि बिघडलं तर सोनार त्याच आळीत असायचा. तो हे काम बापाकडून शिकलेला असायचा आणि त्याआधी शेकडो कान त्याच्या हाताखालून गेलेले असायचे. कोंढाण्याच्या बालकाने गुरूचं नाव कोरलं ते याच अर्थाने. हात कोणाच्या हाताखाली तयार झाला, ही त्या कामाची हमी होती.

यावर कोणी म्हणेल, की बुगडी आणि भिकबाळी तर कानाच्या वरच्या भागातच घालायचे ना? बरोबर आहे. भिकबाळी म्हणजे पुरुषाच्या उजव्या कानाच्या वरच्या बाजूची बाळी. आधीची मुलं दगावली असतील तर नव्या मुलासाठी भीक मागून मिळवलेल्या पैशातून ती करायची, म्हणून ते नाव, असं सांगतात. मुलगा जगावा म्हणून त्याचं नाक टोचून 'नथू' नाव ठेवायची रीतही त्याच धाग्यातली. तेव्हा छिद्र हा शृंगार होता, तसा जिवाच्या भीतीपोटी केलेला नवसही होता. पण तिथेही तार बारीक, एकच छिद्र आणि हात सोनाराचा.

तरीही जुन्या काळाला गोंडस करायला नको. ज्यांचे कान पिकले, फाटले, त्यांचे फोटो कोणी कौतुकाने दाखवत नाही. आपल्याला दिसते ती नीट बऱ्या झालेल्या कानांची आजी. कान किती फाटायचे याचा पुरावा दागिन्यातच आहे. कानातल्या जड दागिन्याला आधार म्हणून केसांत अडकवायचा सोन्याचा 'वेल' आपण आज शोभेचा समजतो. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर ते सरळ वजन वाटून घेण्याचं काम आहे, पाळीवरचा भार केसांवर घेण्याचं.

दुसरा पुरावा सुश्रुताकडे परत नेतो. फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार त्याने दिले आहेत. पाळी उरलीच नसेल तर गालाची त्वचा एका बाजूने जिवंत ठेवून ती वळवायची, असंही सांगितलंय. त्याच अध्यायाच्या शेवटी हीच युक्ती नाकासाठी येते. ही विद्या पुण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस जिवंत होती. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवं नाक बसवलं. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्पू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात तिचा प्रसार झाला. आपण या गोष्टीचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. पण कान जोडायची विद्या इतकी बारकाईने लिहावी लागली, याचा अर्थ कान तितके फाटत होते.

आता आजच्या जागांकडे येऊ. कानाची पाळी म्हणजे त्वचा आणि चरबी. तिला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. कानाची वरची कड म्हणजे कूर्चा, दाबलं की वाकणारं मऊ हाड. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं वरच्या पातळ आवरणातून. तिथे जंतू शिरले तर शरीराचा बचाव आणि गोळ्यांतलं औषध दोन्ही कमी पोहोचतं. पू साचला की आवरण सुटतं, कूर्चा मरते आणि कान चुरगळल्यासारखा होतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००० साली एका दुकानात कानाची वरची कड टोचून घेतलेल्यांपैकी सात जणांना स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं, आणखी १८ जणांबाबत तसा संशय होता. काहींच्या कानाचा आकार बिघडला. जंतू सापडला तो जंतुनाशक फवारायच्या बाटलीतच. हा जंतू पाण्यात, ओलीत राहतो. ताजं छिद्र घेऊन कर्जतच्या धबधब्याखाली उभं राहण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

भुवई आणि बेंबीची अडचण वेगळी. पायात काटा मोडला की शरीर तो हळूहळू बाहेर ढकलतं. दागिन्यालाही ते तसंच वागवतं. पाळीत तार आरपार जाते, त्यामुळे तिला ढकलायला सोपी दिशा नसते. भुवईत किंवा बेंबीवर मात्र दांडी त्वचेच्या जेमतेम खालून जाते. मग दोन छिद्रांमधली त्वचा लाल, पातळ, चकचकीत होते, दांडी आतून दिसू लागते आणि एक दिवस त्वचा चिरून बाहेर येते. मागे राहतो उभा व्रण. घरी टोचताना खोली कमी पडली, कडी आखूड किंवा फार बारीक निघाली, जीन्सची कड किंवा सलवारची नाडी घासत राहिली, की याची शक्यता वाढते. स्वस्त कड्यांत निकेल असतं आणि त्याची ॲलर्जी अनेकांना असते. दांडी सरकतेय असं दिसलं तर त्वचा चिरायची वाट न बघता ती काढून घेणं शहाणपणाचं. तेवढा व्रण लहान राहतो.

व्रणाचाही एक हट्टी प्रकार आहे, केलॉइड. जखम भरून आली तरी व्रण वाढतच राहतो आणि जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर या फ्रेंच डॉक्टरने त्याला खेकड्याच्या नांगीवरून नाव दिलं. भातखाचरातला मुठा पकडताना ज्याचं बोट नांगीत सापडलंय, त्याला ही उपमा लगेच कळेल. सावळ्या त्वचेत आणि दहा ते तीस या वयात हा धोका जास्त, म्हणजे नेमका आपलाच गट. नुसता कापून काढला तर तो बरेचदा परत येतो. घरात कोणाला केलॉइड झाला असेल, तर टोचायच्या आधीच विचार करावा.

राहिला रक्ताचा प्रश्न. सुश्रुताने सांगितलेली ताठलेली मान आणि झटके वाचताना आज धनुर्वात आठवतो. लक्षणं त्याने अचूक टिपली, पण कारण म्हणून शिरेकडे बोट दाखवलं. खरं कारण, माती-शेणातला जंतू, १८८० च्या दशकात सापडलं. त्याचं इंजेक्शन आज कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. हेपॅटायटिस बी बद्दल मात्र आपण बेफिकीर असतो. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकू शकतो, आणि तीन मैत्रिणींनी एक सुई स्पिरिटने पुसून वापरली तर तो पुसला जाईलच असं नाही. ही लस सरकारी लसीकरणात देशभर पोहोचली २०११ च्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांना ती मिळालेलीच नाही. टोचून घ्यायचं असो वा नसो, एकदा घरी विचारून बघा.

कर्जत-खालापुरात राहणाऱ्यासाठी याचा हिशोब साधा आहे. पाळीचा बारीक पू इथल्या डॉक्टरकडे आटोक्यात येतो. पण कूर्चा सडली किंवा केलॉइड वाढला, तर पनवेल-मुंबईच्या फेऱ्या, रजा आणि खर्च. दोनशे-तीनशे रुपयांच्या किटमध्ये हा खर्च धरलेला नसतो.

म्हणून टोचूच नका असं मी म्हणणार नाही. कार्ल्याच्या युगुलांपासून आपण सगळे नटतच आलोय. पण परंपरेचा दाखला द्यायचा तर ती पूर्ण घ्यावी: ओळखीची जागा, चांगला धातू, वाफेने निर्जंतुक केलेली किंवा पाकीट तुमच्यासमोर फोडलेली सुई, महिनोन्‌महिने काळजी घ्यायची तयारी, आणि तो हात कुठे शिकला याची चौकशी. मग तो डॉक्टरचा असो, जाणत्या पिअर्सरचा असो की सोनाराचा. पंधरा दिवसांनी कान सुजला तर ज्याचं दार पुन्हा वाजवता येईल, अशा माणसाकडे जा. कुरिअरने आलेल्या डब्याला दार नसतं.