हजची वाट आणि परवाना

हजसाठी परवाना लागणं आजचं नाही. सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक होता. त्यांच्या ‘कार्ताझ’शिवाय सुरतेहून जेद्दाहला निघणं धोक्याचं होतं. अकबर बादशहाच्या आत्या गुलबदन बेगमसुद्धा या परवान्यापायी सुरतेत अडकून पडल्या होत्या.

आज टुरिस्ट किंवा उमराह व्हिसावर सौदीत जाता येतं. हज मात्र करता येत नाही. २०२४ च्या हजमध्ये १,३०१ जण दगावले. सौदी सरकारच्या म्हणण्यानुसार त्यांतल्या ८३ टक्के लोकांकडे हजचा परवाना नव्हता. ते रणरणत्या उन्हात, सावलीविना लांबवर चालले होते.

कुरआनने हज फर्ज केला, तो तिथवर पोहोचण्याची ऐपत असलेल्यावर. योग्य व्हिसा हा मी त्या ऐपतीचाच भाग मानतो. एजंटाला पैसे देण्याआधी एवढंच विचारा: व्हिसा हजचाच आहे ना?