डोस घटतो, इन्सुलिन सुटत नाही

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर शेजारच्या काकांच्या शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, मग आपल्या मुलीचे इन्सुलिन का बंद होणार नाही? चोपड्याच्या, यावलच्या किंवा साक्रीच्या एखाद्या घरात हा प्रश्न निघाला, तर तो रास्तच आहे. दोघांनाही मधुमेह, दोघांचेही वजन जास्त, शस्त्रक्रियाही तीच. तरीही काकांच्या गोळ्या सुटतात आणि टाईप वन असलेल्या मुलीचे इन्सुलिन सुटत नाही. हे का, ते समजून घ्यायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल. या दोन आजारांमधली रेघ वैद्यकाने एकदा ओढली, मग ती पुसट झाली, पुन्हा ओढली गेली, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी ती पुन्हा पुसण्याचा धोका उभा राहिला.

आपण सुश्रुतापासून निघू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकाराचे, दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मतःच आलेला, दुसरा चुकीच्या आहारविहाराने जडलेला. पहिला रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा, सतत तहानलेला. दुसरा स्थूल, भरपूर खाणारा, बसून-झोपून राहणारा. आजच्या टाईप वन आणि टाईप टूशी ही विभागणी तंतोतंत जुळते असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्या निरीक्षणाची नजर थक्क करते. त्याहून मोलाचा आहे तो उपचारातला भेद. स्थूलाला झिजवायचे, तर कृशाला अन्नपानाने सांभाळायचे. कोसच्या कोस चालणे, विहिरी खणणे अशी कष्टाची कामे ग्रंथकार मधुमेह्याला सांगतो आणि लगेच बजावतो की कृश रोग्याला मात्र सतत जपावे. पुढच्या साऱ्या इतिहासात या सूचनेचा जेवढा विसर पडला, तेवढे हाल कृश रोग्यांचे झाले, असे मला वाटते.

मधली शतके आपण भराभर ओलांडू. १६७४ मध्ये इंग्लंडच्या टॉमस विलिसने रोग्याच्या लघवीची गोडी नोंदवली; १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सनने ती गोडी साखरेचीच असल्याचे आणि रक्तही गोड असल्याचे दाखवले. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या तरुण विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची वेगळी बेटे दिसली, पण त्यांचे काम काय ते त्याला सांगता आले नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचे घर सापडले. औषध सापडायला अजून तीस वर्षे होती.

त्या तीस वर्षांतले एक प्रकरण फार क्लेशदायक आहे. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलनने मधुमेहावर उपासाचा उपाय रूढ केला. स्थूल रोग्यांना त्याचा लाभ होई. कृश मुलांना मात्र त्याने थोडे जास्त दिवस मिळत, तेही हाडांचा सापळा होऊन. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरोंटोला पोहोचली, तेव्हा तिचे वजन जेमतेम वीस किलो होते. तोवर तिथे इन्सुलिन आले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिली सुई टोचली गेली. बँटिंग आणि बेस्ट या तिथल्या संशोधकांनी स्वादुपिंडातून काढलेला तो अर्क अशुद्ध होता, गुण आला नाही. त्यांचा सहकारी कॉलिप याने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिला, तेव्हा मुलाच्या रक्तातली साखर उतरली. शोधाचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले गेले. एलिझाबेथ त्यानंतर जवळपास साठ वर्षे जगली.

इन्सुलिन आले तरी ते सर्वांना सारखे का लागू पडत नाही, हे कोडे राहिलेच. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थने रोग्यांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची साखर इन्सुलिनला लगेच दाद देई. ते बहुधा तरुण आणि सडपातळ. काहींची देत नसे. ते बहुधा प्रौढ आणि जाड. सुश्रुताची रेघ प्रयोगशाळेत पुन्हा उमटली. १९७४ मध्ये बोटाझ्झो आणि डोनिआक यांनी रोग्यांच्या रक्तात स्वादुपिंडाच्या बेटांविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली आणि टाईप वनचे कारण उमगले: शरीराची संरक्षणयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तिथे पोट कापून काय होणार, हे उत्तर तेव्हाच लिहिले गेले होते.

मग टाईप वनच्या रोग्याला वजनाचे ऑपरेशन लागावेच का? याचे उत्तर १९९३ या वर्षात आहे. त्या वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रोग्यांवरचा डीसीसीटी अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा वाचतात, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. किंमतही नोंदवली: साखर वारंवार खाली जाणे आणि वजन वाढणे. इन्सुलिन जास्त, लो झाले की खाणे जास्त, त्यातून वजन जास्त, आणि म्हणून पुन्हा इन्सुलिन जास्त. कृश रोगी याच वाटेने स्थूल झाला. आपल्याकडे त्यात आणखी भर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातली लपलेली चरबी जगासमोर आणली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले: दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

शस्त्रक्रियेचा प्रवाह निराळ्याच डोंगरातून निघाला. १९५४ मध्ये मिनेसोटात क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याला वळसा देण्याची कल्पना मांडली. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसनने गॅस्ट्रिक बायपास केली. व्रणासाठी जठर कापलेले रोगी बारीकच राहतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. १९९५ मध्ये वॉल्टर पोरीस यांनी शेकडो रोग्यांचा अहवाल दिला: प्रौढ मधुमेहींपैकी बहुतेकांची साखर शस्त्रक्रियेनंतर सुधारली होती, तीही वजन उतरण्याच्या आधीच. तेव्हापासून ‘मधुमेहाचे ऑपरेशन’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. त्यातला ‘प्रौढांचा’ हा शब्द वाटेत गळाला.

म्हणून आज ऑपरेशनपूर्वीची पहिली पायरी ती रेघ पुन्हा ओढण्याची आहे. १९६७ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी इन्सुलिनचा पूर्वज, प्रोइन्सुलिन, शोधला. त्यातून तुटून निघणारा सी-पेप्टाइड हा तुकडा शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगतो. ही चाचणी आणि प्रतिपिंडांची तपासणी झाल्याशिवाय, वय आणि पोट पाहून प्रकार ठरवू नये. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्याने उतरली तर तिथला जुना आजार भडकू शकतो. ऑपरेशनआधीचे काही दिवस यकृत आक्रसावे म्हणून अत्यल्प आहार देतात. त्या दिवसांत डोस घटवावा लागतो, पण दिवसभर पुरणारे मूळ इन्सुलिन थांबवायचे नसते. उपाशी आहे म्हणून सुई चुकवली की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन ही आम्ले वाढतात. ऑपरेशनच्या दिवशी शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज सोबत चालते.

नंतरचा काळ अधिक अवघड. डोस बराच खाली येतो, वजन उतरते, रक्तदाब सुधारतो; एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, मात्र बहुधा थोडीच सुधारते. उलट्या होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल, तर साखर फार चढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोनमुळे रक्त धोकादायक आम्ल होणे, होऊ शकतो. बायपासनंतर अन्न आतड्यात झटकन उतरते, साखर उसळते आणि मग कोसळते. जेवणाच्या इन्सुलिनची वेळ नव्याने बसवावी लागते. आखाजीची पुरणपोळी आणि आमरस अशा पोटाला घाम, धडधड, जुलाब घडवू शकतात. शुगर लो झाल्यावरही पेलाभर सरबताऐवजी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मोजक्या ग्लुकोजच्या गोळ्या बऱ्या. पोट सावरल्यावर दादरच्या आणि कळण्याच्या भाकरीचे लहान घास चालतात, पण त्या थाळीत प्रथिने आधी. बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या व त्यांच्या तपासण्या जन्मभराच्या.

ऑपरेशन नाशिकला, पुण्याला किंवा मुंबईला झाले, तरी हा जन्मभराचा सांभाळ गावाजवळच व्हायला हवा. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने; जळगावला शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आले. सर्जनकडून निघणाऱ्या कागदावर ‘टाईप वन, इन्सुलिन बंद करू नये’ हे ठळक लिहिलेले असावे, असा आग्रह नातेवाइकांनी धरावा. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे, पेनमधले १०० युनिटचे; पेनच्या कार्ट्रिजमधले औषध ४० च्या सिरिंजने ओढले तर डोस अडीचपट होतो, आणि ऑपरेशनमुळे डोस आधीच घटलेल्या माणसाला ती चूक जिवावर बेतू शकते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, फ्रिज बंद पडला तर, एकात एक ठेवलेल्या दोन मडक्यांच्या मधल्या जागेत ओली वाळू भरून आतल्या मडक्यात बाटली कोरडी ठेवण्याची युक्ती अजून कामी येते.