बलुत्यापासून गटईपर्यंत: मराठी मुलखातील पादत्राणांचा धंदा

नवी पादत्राणे घडवणे आणि तुटलेली पादत्राणे दुरुस्त करणे ही महाराष्ट्रात आज दोन वेगळ्या कारागिरांची कामे झाली आहेत. चप्पल कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा धारावीतील एखाद्या गाळ्यात तयार होते, आणि तिचा निखळलेला अंगठा शिवून देणारा माणूस रेल्वे स्थानकाबाहेरच्या पत्र्याच्या टपरीत बसलेला असतो. गावगाड्यात मात्र ही दोन्ही कामे एकाच घराकडे होती आणि त्यांच्यातला फरक कौशल्याचा नसून मोबदल्याचा होता. बहुतेक ठिकाणी दुरुस्ती ही बलुत्यात मोडत असे, म्हणजे तिच्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे, तर नव्या जोड्याचे दाम स्वतंत्रपणे ठरत. बलुते संपल्यावर दुरुस्तीचा आधारच नाहीसा झाला. नवे घडवण्याचे काम बाजाराकडे वळले, दुरुस्ती शहराच्या पदपथावर आली, आणि या फारकतीतूनच या धंद्याचे आजचे स्वरूप घडले.

बलुतेदारीचे सविस्तर वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात आढळते. गावाची ठरावीक सेवा वंशपरंपरेने करणारा आणि त्याबद्दल पिकातला वाटा घेणारा तो बलुतेदार. हा वाटा सर्वांना सारखा नसे. बलुतेदारांच्या कासा, म्हणजे दर्जानुसार केलेल्या ओळी, ठरलेल्या असत आणि थोरल्या कासेला अधिक, तर धाकटीला कमी धान्य मिळे. चांभाराचे नाव काही याद्यांत थोरल्या, तर काहींत मधल्या कासेत येते. ज्याचा स्पर्श गाव टाळत असे, त्याच्या कामावाचून शेती चालत नसल्यामुळे धान्याच्या हिशेबात मात्र त्याला वरचे स्थान द्यावे लागे, हा या व्यवस्थेतील उघड विरोधाभास होता.

शेतीची ही निकड मुख्यतः मोटेमुळे होती, पादत्राणांमुळे नव्हे. मोट म्हणजे बैलांच्या साहाय्याने विहिरीतून पाणी उपसण्याचे कातडी पात्र. तिच्या खालच्या बाजूस कातड्याची लांब सोंड जोडलेली असे आणि मोट वर आली की सोंडेतून पाणी आपोआप थारोळ्यात पडे. सतत भिजणारे आणि विहिरीच्या कडांवर घासणारे हे कातडे वारंवार फाटत असल्याने बागायती हंगामात मोट एक दिवस जरी बंद राहिली तरी उभ्या पिकाला धोका असे, आणि म्हणून मोट शिवून देणारा कारागीर गावातच हवा असे. त्याच्या जोडीला आसूड, नाना प्रकारच्या वाद्या म्हणजे कातड्याच्या पट्ट्या, आणि शेतकऱ्याच्या जाड तळाच्या वहाणा यांची डागडुजीही त्याच्याकडेच होती.

हे काम एका जातीपुरते मर्यादित नव्हते, तर अनेक हातांची ती साखळी होती. मेलेली गुरे गावाबाहेर ओढून नेण्याची सक्ती महारांवर होती. कातडे कमावण्याचे, म्हणजे ते कुजू नये आणि लवचीक व्हावे यासाठी त्यावर प्रक्रिया करण्याचे काम प्रामुख्याने ढोर समाजाकडे होते. आणि कमावलेल्या कातड्याला आकार देणे व ते शिवणे हे चांभाराचे काम होते. कमावण्याच्या जुन्या पद्धतीत कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून त्यावरील केस काढले जात, नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते मुरवले जाई. कोल्हापूरच्या परिसरात कातड्याच्याच कडा शिवून त्याची पिशवी करण्याची, तिच्यात हा अर्क भरून ती टांगून ठेवण्याची आणि पाझरलेला अर्क पुन्हा पुन्हा आत ओतण्याची रीत होती. या संथ प्रक्रियेतून तयार होणारे घट्ट व टिकाऊ कातडे तळासाठी उपयोगी पडे. चांभाराची हत्यारे मोजकीच होती: कातडे कापण्याची व तासण्याची रापी, भोक पाडून दोरा ओढण्याची आरी, ठोकण्यासाठी दगड अथवा लोखंडी तिवई, आणि कातडे भिजवण्याची पाण्याची कुंडी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही साखळी वरच्या टोकाकडून सैल होऊ लागली. रेल्वे आणि बंदरे यांच्यामुळे कच्च्या व अर्धवट कमावलेल्या कातड्याला दूरची गिऱ्हाइके मिळाली आणि गावातच मुरणारा माल व्यापाऱ्यांमार्फत मुंबई व मद्रासकडे जाऊ लागला. मुंबईच्या उत्तर सीमेवरील धारावीत याच काळात कातडी कमावण्याचे कारखाने उभे राहिले. ते चालवणाऱ्यांत तिरुनेलवेली भागातून आलेले तमिळ मुसलमान व्यापारी प्रमुख होते. पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे झटपट कमावण्याची पद्धत रूढ झाली आणि साल-हिरड्याच्या संथ कामाला स्पर्धा निर्माण झाली. १९३१ साली बाटा कंपनीने भारतात कारभार सुरू केल्यानंतर ठरावीक मापांचे, ठरावीक किमतीचे कारखानदारी बूट लहान शहरांपर्यंत पोहोचू लागले. दरम्यान लोखंडी मोट आली. तिला सोंड मात्र कातड्याचीच लागत असल्याने चांभाराचे काम काही काळ टिकले, पण तेलाची इंजिने आणि त्यानंतर विजेचे पंप विहिरींवर बसले तेव्हा सोंडेचीही गरज उरली नाही, आणि गावाला चांभाराशी बांधून ठेवणारे सर्वांत मोठे काम नाहीसे झाले.

या आर्थिक बदलांच्या जोडीने सामाजिक मुक्तीचा प्रवाहही वाहत होता. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द केली. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मेलेली गुरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन करण्यात आले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गाव-वतने संपुष्टात आली. कातड्याचा पुरवठा ज्या सक्तीवर उभा होता ती सक्ती नाकारणे हा न्यायाचा भाग होता. त्यामुळे गावातले कच्चे कातडे आटले याचा दोष त्या नकाराला देता येत नाही, कारण सक्तीच्या कामाची खरी किंमत जुन्या व्यवस्थेने कधी मोजलीच नव्हती.

गावातला आधार सुटल्यावर नवे घडवण्याची कला जिथे बाजार होता तिथे एकवटली, आणि कोल्हापूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी या चपलांच्या प्रकारांची नावे असून त्यांतील काही गावांवरून, तर काही घडणीवरून पडली आहेत. अस्सल कोल्हापुरीत खिळा वापरत नाहीत. तळाचे थर कातड्याच्याच वादीने शिवले जातात, दोन्ही बाजूंना कान ठेवले जातात, त्यांतून पट्टा ओवला जातो आणि पुढे अंगठा बसवला जातो. तळासाठी मुख्यतः म्हशीचे आणि वेणीच्या बारीक कामासाठी शेळीचे कातडे वापरतात, आणि वेणी गुंफण्याचे काम बव्हंशी घरातल्या स्त्रिया करतात. त्यांच्या या श्रमाची वेगळी नोंद विक्रीच्या हिशेबात क्वचितच होते. हा धंदा राज्यांच्या सीमा जुमानत नाही. अथणी, निपाणी आणि बेळगाव परिसरातील कारागीरही तीच चप्पल घडवतात आणि त्यांचा बराच माल कोल्हापूरच्या बाजारात येतो.

अशी साखळी केवळ मराठी मुलखाचे वैशिष्ट्य नव्हती. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसवलेल्या जयपूरमध्ये रामगंज बाजार हा मोजडीच्या व्यापारासाठी ओळखला जातो. राजस्थानात कातडे कमावण्याचे काम परंपरेने रैगर समाजाकडे आणि जोडा शिवण्याचे काम मोची समाजाकडे होते, आणि मोजडीवरील भरतकाम तेथेही प्रामुख्याने स्त्रियांच्या हातचे असे. कोल्हापुरीचे सौंदर्य वेणी आणि कापणी यांत आहे, तर मोजडीचे दोऱ्याच्या नक्षीत. मात्र कमावणारे व शिवणारे हात वेगळे ठेवण्याची रचना दोन्हीकडे सारखीच दिसते. या दोन परंपरांची गाठ मुंबईत पडली. कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा वसाहतीत राजस्थानातून आलेल्या चर्मकारांनी बूट-चपलांचे लहान कारखाने उभारले, तर धारावीत सातारा, कोल्हापूरकडील आणि उत्तर भारतातील कारागीर शेजारी शेजारी काम करू लागले.

दुरुस्तीचा मार्ग याहून निराळा ठरला. तिला भांडवल लागत नव्हते आणि बाजारपेठही शोधावी लागत नव्हती. गर्दीचा कोपरा पुरेसा होता. म्हणून ज्यांना जमीन नव्हती आणि कारखान्यात जागा मिळाली नाही, अशांनी शहरात गटईकाम, म्हणजे रस्त्याकडेला बसून पादत्राणे दुरुस्त करण्याचे काम, पत्करले. बलुत्यात दुरुस्तीचा मोबदला वर्षाचा ठरलेला होता आणि गिऱ्हाईकही बांधलेले होते. गटई कामगाराला प्रत्येक टाक्याची घासाघीस करावी लागते, शिवाय बसण्याच्या जागेवर त्याचा हक्क नसतो. राज्य शासनाने १९७४ साली स्थापन केलेल्या आणि आज संत रोहिदास यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्मोद्योग महामंडळाने कर्ज, प्रशिक्षण आणि विक्री यांकडे लक्ष दिले, तर गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याच्या शासकीय योजनेने निदान डोक्यावर छप्पर आणि जागेला काहीशी मान्यता मिळवून दिली. मात्र दुरुस्तीचे कामच बदलले आहे. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या चपलेत टाका धरत नाही, चिकटवलेला तळ सोल्यूशनने पुन्हा चिकटवावा लागतो, आणि पिशवीची चेन, छत्री किंवा बॅगेचा बंद दुरुस्त करून अनेकांना दिवसाची कमाई पुरी करावी लागते.

अलीकडच्या घडामोडींनी या फारकतीवर नवा प्रकाश टाकला आहे. कोल्हापुरी चपलेला मिळालेली भौगोलिक मानांकनाची नोंद, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, २०१९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांचा समावेश आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात अशाच घडणीच्या चपला उगमाचा उल्लेख न करता सादर केल्या, तेव्हा त्याविरुद्ध मोठी ओरड झाली आणि कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. हा वाद नावाच्या आणि नमुन्याच्या मालकीचा होता, आणि तो उपस्थित करणे योग्यच होते. परंतु मानांकन तयार वस्तूला मिळते, तिच्यामागच्या संपूर्ण साखळीला नव्हे. कातडे कमावणारा, वेणी गुंफणारी आणि तीच चप्पल पुढे अनेक वर्षे चालती ठेवणारा गटई कामगार यांच्या मोबदल्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. बलुतेदारीने या श्रमांना अपमानासह का होईना, धान्याचा वाटा ठरवून दिला होता. बाजाराने तो अपमान पुरता पुसला नाही आणि त्या वाट्याच्या जागी दुसरे काहीही निश्चित केले नाही. या धंद्याच्या भवितव्याचा विचार करताना चपलेच्या किमतीइतकाच हा मुद्दा निर्णायक ठरतो.