मॅग्नेशियमचे आयनीभवन

मॅग्नेशियम (अणुअंक १२) या धातूच्या अणूने बाहेरच्या कक्षेतील दोन इलेक्ट्रॉन गमावून द्विधन आयन होण्याची क्रिया. अणूचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, २ असते. शेवटचे दोन गेले की निऑनसारखे स्थिर संरूपण उरते. पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास दर मोलला सुमारे ७३८ व दुसऱ्यास १,४५१ किलोजूल ऊर्जा लागते. तिसऱ्यास मात्र तब्बल ७,७३३. म्हणून क्रिया दोनवरच थांबते.

इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण, स्वीकारणे म्हणजे क्षपण. एकाशिवाय दुसरे घडत नाही; दोन्ही मिळून रेडॉक्स अभिक्रिया होते. शाळेत मॅग्नेशियमची फीत पॉलिश पेपरने घासून, चिमट्यात धरून पेटवतात. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो (त्याकडे थेट पाहू नये) आणि ऑक्साइडची पांढरी भुकटी उरते. फीत मोरचुदाच्या द्रावणात टाकल्यास निळा रंग फिकट होत जातो व फितीवर तांबूस थर चढतो. येथे मॅग्नेशियमचे इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांनी घेतलेले असतात. कार्बन डायऑक्साइड वायूतही ही फीत जळत राहते व काळा कार्बन मागे सोडते.

निसर्गात हा धातू सुटा सापडत नाही. उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्यातील बीबी (ता. लोणार) परिसराच्या काळ्या पाषाणात आणि त्यापासून बनलेल्या काळ्या जमिनीत तो आयनरूपातच असतो. पानांच्या हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी हाच आयन असतो. तो कमी पडल्यास कपाशीवर लाल्या (पाने लाल पडण्याची विकृती) येतो. त्यावर फवारले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळताना इलेक्ट्रॉनांची देवघेव होत नाही, म्हणून ती रेडॉक्स अभिक्रिया नव्हे.